हातातलं वजन

पेला उचलताना डाव्या मनगटात कळ येते
आणि घरमालकीण आर्मिंदबाय विचारतात,
तू विमान चालवतेस की ओढतेस?

कॅप्टन कुलासो तेच विचारतात.
फक्त ते हसत नाहीत.

डाऊनविंड. उजव्या खिडकीत वेळसांवची वाळू,
डावीकडे दाबोळीचं पठार,
जांभ्याच्या तांबड्यात एक करडी फीत.
पॉवर कमी केली की नाक जड होतं.
मी ओढते. ओढून धरते.
आणि तशीच बोलत राहते, वेग, उंची, फ्लॅप्स,
बाजारातून आणलेली नारळांची पिशवी
दारात उभं राहून गप्पा मारताना
खाली ठेवायचं सुचू नये, तशी.

"कितें गो हें? सोड गो बाय, सोड."

गुडघ्यापाशी ते चाक आहे. काळं, खाचांचं,
शिवणयंत्राच्या चाकाहून लहान.
पहिल्या आठवड्यात मला ते फार आवडलं.
नाक वर हवं, फिरव. खाली हवं, फिरव.
चाकानेच उतरायला निघाले.
पासष्ट हवे होते. झाले पंचाहत्तर, मग अठ्ठावन्न,
मी मागे, विमान पुढे,
आणि खाली जुवारीतला बार्ज
आपल्या रेषेत, अजिबात घाई नसलेला.
कॅप्टननी चाकावर तळहात ठेवला,
दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवतात तसा.
"आधी हात. नाक हवं तिथं आण. थांब.
वेग बसू दे.
मग हाताला विचार, अजून काही उचलतोयस?
हो म्हणाला तर चाक.
तो गप्प होईपर्यंत. त्यापुढे एक खाचसुद्धा नाही."

मग त्यांनी माझ्या बोटांत पेन्सिल गुंफली,
एका बोटावरून, दोन बोटांखालून.
मूठ आवळली की हाड दुखतं.
तीन फेऱ्या मी त्या पेन्सिलीवर मनातल्या मनात
डिचोलीतल्या सगळ्या शिव्या खर्च केल्या.
चौथ्या फेरीला बेसवर वळताना
पेन्सिल विसरले.

याला शिकणं म्हणतात असं वाटलं,
आणि सोमवारी धावपट्टीवर कुत्रं आलं.

दोनशे फूट. फ्लॅप्स पूर्ण. सूर्य थेट डोळ्यांत.
सगळं इतकं जमलेलं की दोन बोटं पुरत होती.
टॉवर म्हणाला, गो अराऊंड.
मी पॉवर पूर्ण दिली
आणि ज्या चाकानं इतका वेळ माझं ऐकलं
ते अजूनही तेच ऐकत होतं, हळू उतरायचंय,
नाक वर, नाक वर.
काचेत नुसतं आकाश. समुद्र गेला, पट्टी गेली.
मी दोन्ही हातांनी ढकललं,
भरतीत अडकलेली होडी ढकलतात तसं, खांद्यातून.
"ढकल. आता ढकलायचंच. वेग बघ.
आता चाक पुढे. अजून. हां.
आता फ्लॅप्स, एक एक."
त्यांचे हात मांडीवर होते, मी नंतर आठवून पाहिलं.
बोटं ताणलेली, पण मांडीवर.

कुत्रं एका कुंपणाच्या सावलीत बसलं असावं.
वर आल्यावर ते म्हणाले,
"मघाशी बरोबर होतीस.
ते मघाचं बरोबर होतं."
आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आज परत. बेस. समोर जुवारी,
कुठ्ठाळीचा पूल उन्हात जवळजवळ पुसलेला.
पासष्ट. हात विचारून पाहते.
बोटं उघडते, पूर्ण, एकेक करून,
आणि विमान ज्या उतारावर होतं
त्याच उतारावर राहतं,
माझ्याशिवाय,
तीन सेकंद, चार.

थोडा राग येतो त्याचा. खरं सांगते.

फ्लॅप्सचा पुढचा टप्पा.
पुन्हा वजन.